जून आणि ऐंशी एकर

शिकारी कुत्रा म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो मुधोळचा, नाहीतर कारवान जातीचा. लांब तोंडाचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, आणि ससा दृष्टीस पडताच धन्याच्या हुकमाची वाट न पाहता सुसाट सुटणारा. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी पाचव्या जॉर्ज बादशहास ज्यांची जोडी नजर केली, ते हेच कुत्रे. यांचे सारे शास्त्र डोळ्यांत आणि पायांत. सावज त्यांनीच हेरायचे, त्यांनीच गाठायचे, आणि मागून धापा टाकीत येणाऱ्या माणसाने ते फार तर त्यांच्या तोंडातून सोडवून घ्यायचे. या चित्रावर पोसलेल्या माझ्यासारख्याला अमेरिकेतील आयोवा राज्यात शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरांनी आपली 'शिकारी' कुत्री प्रथम दाखवली, तेव्हा ती त्यांच्या डाव्या पायाशी बसून वीस पावलांवर पडलेल्या मेलेल्या कबुतराकडे नुसती पाहत होती. एक मिनिट गेले, दुसरे गेले. तिच्या पाठीवरून शहारे जात होते, लाळेची तार छातीपर्यंत लोंबली होती. पण बूड जमिनीवरून हलत नव्हते. अखेर मास्तरांनी तिचे नाव उच्चारले, नुसते नाव, आणि ती गेली, कबूतर अलगद उचलून आणून पुन्हा डाव्या पायाशी बसली, आणि ते हातात घेतले जाईपर्यंत तोंडात धरून राहिली. हिने शिकार कोणती केली, असा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर उमटला असावा. मास्तर म्हणाले, "शिकार मी करतो. ही माझी चूक निस्तरते."

रिट्रीव्हर म्हणजे परत आणणारा. एकोणिसाव्या शतकात मागून भरण्याच्या बंदुका आल्या, उडता पक्षी दूरवर पाडणे सोपे झाले, आणि पडलेला पक्षी झाडोऱ्यातून किंवा गोठणाऱ्या पाण्यातून आणायचा कोणी हा प्रश्न इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांपुढे उभा राहिला. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर जाळी आणि निसटलेले मासे ओढणारे काळे, पाण्याला न भिणारे कुत्रे जहाजांतून पूल बंदरात उतरत. माम्सबरीच्या अर्लने आणि पुढे बक्लूच्या ड्यूकने त्यांचा वंश जपला, आणि त्यातून आजचा लॅब्राडोर निपजला. ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला १९०३ साली मान्यता दिली, अमेरिकेने १९१७ साली. म्हणजे या कुत्र्याचे कुलकर्म मारणे नव्हे. ते आहे, जे हरवले असते ते हरवू न देणे. अमेरिकेच्या कायद्यात याला वजन आहे. पाडलेला किंवा जखमी केलेला पाणपक्षी शोधून ताब्यात घेण्याचा वाजवी प्रयत्न शिकाऱ्याने केलाच पाहिजे, तो वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. बदकांच्या शिकारीसाठी दरवर्षी निघणाऱ्या तिकिटावर १९५९ साली किंग बक नावाचा एक लॅब्राडोर तोंडात मॅलार्ड बदक घेऊन झळकला. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या या कुत्र्याच्या चित्राखाली रिट्रीव्हर सावज वाचवतो अशा अर्थाचे वाक्य छापले होते. मारलेले सावज 'वाचवणे' हा शब्दप्रयोग ऐकून मला प्रथम हसू आले. पुढे वर्षभर जे पाहिले त्यानंतर तितकेसे येत नाही.

मास्तरांची कुत्री कोणत्याही नामांकित वंशावळीची नव्हे. दक्षिणेकडच्या एका राज्यात ती बेवारस सापडली, तिथल्या आश्रयगृहात जून महिन्यात दाखल झाली, आणि कारकुनाने दाखल्यावर नावाच्या रकान्यात महिन्याचेच नाव टाकले : जून. मराठीत या शब्दाला निराळीच छटा आहे हे मी मास्तरांना सांगितले. कोवळेपण सरलेली भेंडी जून, चिवट झालेले मटण जून. त्यांना हे फारच आवडले, कारण तिच्याबद्दल जाणत्या लोकांचा आक्षेप नेमका हाच होता. रिट्रीव्हरचे शिक्षण पिलू सात-आठ आठवड्यांचे असताना सुरू व्हावे असा दंडक. आणि हिचे वय जनावरांच्या डॉक्टरने दात पाहून तीन वर्षे ठरवलेले. पोर सांगून वळते, थोराला आधीचे विसरावे लागते, हा सिद्धांत कुत्र्यांनाही लागू आहे.

शिवाय ती आजारी होती. डासांच्या चाव्यातून शिरणारी हार्टवर्म नावाची कृमी तिच्या फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत वाढली होती. अमेरिकेच्या दक्षिण भागातून येणाऱ्या बेवारस कुत्र्यांत हा रोग नित्याचा. उपचार आहे, पण तो धीराची परीक्षा पाहणारा आहे. आधी महिनाभर प्रतिजैविक, मग कमरेच्या स्नायूत खोलवर एक इंजेक्शन, मग एक महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोन दिवस दोन. या अवधीत आणि त्यानंतरही कित्येक आठवडे कुत्र्याला धावू द्यायचे नाही; कारण मरणाऱ्या कृमींचे तुकडे रक्तातून वाहत जातात, आणि जनावर उड्या मारू लागले तर ते फुफ्फुसात अडकून प्राणावर बेतते. धावण्यासाठीच जन्मलेल्या कुत्रीला सबंध हिवाळा बांधून ठेवण्याची पाळी मास्तरांवर आली. दुसरा कोणी असता तर ही सक्तीची कैद संपण्याची वाट पाहत बसला असता. मास्तरांनी तीच शाळा केली. बाहेर हात-हात बर्फ, आत स्वयंपाकघरात मास्तर खुर्चीवर आणि जून सतरंजीवर. बस म्हटल्यावर बसणे, दार उघडे असताना बसून राहणे, अन्नाचे भांडे समोर असताना नाव घेईपर्यंत थांबणे. शिट्टीचा एक लांब सूर म्हणजे असशील तिथे बस. तीन तोकडे सूर म्हणजे माझ्याकडे ये. मार्चमध्ये डॉक्टरांनी मोकळीक दिली तेव्हा जूनला धावणे येत नव्हते, पण थांबणे असे येत होते की वंशावळीच्या कुत्र्यांना दोन मोसमांत साधत नाही. कबुतरापुढची जी बैठक मी पाहिली, तिचे मूळ या आजारपणात होते.

यापुढची अडचण होती तिच्या तोंडाची. रिट्रीव्हरचे तोंड 'मऊ' हवे, पक्ष्याच्या अंगात दात रुतता कामा नयेत, ही झाली जातीची देणगी. परंतु जे जनावर उकिरड्यावर जगले आहे त्याच्या लेखी तोंडात आलेली वस्तू परत देण्याची कल्पनाच शुद्ध वेडेपणाची. जून डमी उचलायची (डमी म्हणजे जाड कापडाची, हातभर लांबीची भरीव गुंडाळी, पक्ष्याची बदली), आणि उचलून थेट गाडीखाली शिरायची. ओढाताण केली तर दात आवळायची. ओढाताणीने तोंड 'कठीण' होते, आणि एकदा कठीण झालेले तोंड सहसा मऊ होत नाही. मास्तरांनी देवघेव सुरू केली : डमी दे, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा घे; आणि तुकडा खाल्ला की डमी तुझी तुला परत. तीन आठवडे हा व्यापार चालला. मग गॅरेजमध्ये, दोरी गुंडाळलेले एक दांडके तिच्या दातांमागे अलगद ठेवून, हनुवटीखाली अंगठा धरून, प्रथम एक क्षण, मग दोन, मग वीस. मास्तर सांगतात, सुरुवातीला जून डोळे फिरवून छताकडे बघे, दवाखान्यातल्या मुलाने घशात चमचा घातल्यावर बघावे तसे. आणि महिन्याअखेर ती दांडके तोंडात धरून गॅरेजला फेऱ्या घालू लागली, जणू तो तिचाच राजदंड.

बंदुकीच्या आवाजाचे प्रकरण मास्तरांनी सर्वांत सावकाशीने हाताळले. कुत्रे बाराला बुजते ते बहुधा माणसाच्या घाईमुळे. पहिल्याच दिवशी कानाशी बार काढला की जन्माची भीती बसते, आणि ज्याचा पूर्वेतिहास अज्ञात आहे अशा जनावराच्या मनात आधीच काय दडले असेल ते कोणी सांगावे? म्हणून जून डमीमागे पूर्ण वेगात धावत असतानाच, चारशे पावलांवर उभे राहून मी खेळण्यातल्यासारख्या लहान पिस्तुलातून कोरा बार काढायचा, अशी माझी नेमणूक झाली. तिने कान टवकारले आणि धावतच राहिली, तर पुढच्या खेपेस पंचवीस पावले जवळ. शेपटी खाली गेली, तर पुन्हा पन्नास पावले मागे. माझ्या आयुष्यातील अग्निशस्त्रांशी आलेला संबंध एवढाच. परंतु दोन महिने ते काम मी इमाने केले, आणि जुलैपर्यंत आमच्यातले अंतर चाळीस पावलांवर आले.

जो पक्षी पडताना कुत्र्याने पाहिला तो आणणे सोपे. तिथे नजर आणि स्मरण पुरते. न पाहिलेला पक्षी आणणे ही खरी विद्या, आणि तिकडे तिला 'ब्लाइंड' म्हणतात. कुत्र्याला काही ठाऊक नसते. माणूस एका दिशेला हात धरून "बॅक" म्हणतो, कुत्र्याने त्या रेषेत निघायचे. वाट चुकली तर शिट्टी ऐकून जागीच वळायचे, माणसाचा हात उजवीकडे पसरला की उजवीकडे, डावीकडे पसरला की डावीकडे, वर गेला की आणखी मागे. थोडक्यात, स्वतःच्या नाकापेक्षा दुसऱ्याच्या हातावर अधिक भरवसा ठेवायचा. आणि ज्या कुत्रीला आजवर नाकाने जगवले व हाताने बहुधा मारले, तिच्याकडून ही मागणी लहान नव्हे. जून शिट्टीला थांबे, मास्तरांकडे पाही, आणि मग शांतपणे आपल्याला हवे तिकडे जाई. विजेचा झटका देणारा पट्टा गळ्यात बांधा, हा सल्ला मास्तरांना चौघांनी दिला. अमेरिकेत तो सर्रास वापरतात, वेल्समध्ये २०१० पासून बंद आहे. मास्तरांनी तो घेतला नाही, आणि त्याची किंमतही मोजली : जुलैच्या एका दुपारी नारिंगी रंगाची नवी डमी पाणकणसात टाकली असता जूनने शिट्टी मानली नाही, भलत्याच दिशेला भटकून ती हात हलवत परत आली, म्हणजे पाय हलवत, आणि डमी हरवली. मास्तरांनी वहीत लिहिले, "डमी १, गहाळ."

ही वही म्हणजे त्यांचे दफ्तर. तिच्या एका बाजूला कुत्रीची रोजनिशी, दुसऱ्या बाजूला जमिनीची. आणि दुसरी बाजू पहिलीहून जाड आहे. मास्तरांची ही जमीन ऐंशी एकर, म्हणजे ज्या चौरस मैलांत अमेरिकन सरकारने हा मुलूख कागदावर कापून विकला त्यांपैकी एकाचा आठवा हिस्सा. बारा-चौदा हजार वर्षांपूर्वी मागे हटलेल्या हिमनदीने उत्तर आयोवात असंख्य उथळ खळगी ठेवली. त्यांत पाणी, भोवती पुरुषभर उंचीचे गवत, आणि त्यात बदकांची पैदास. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून हे पाणी ओढ्यांना लावले, आणि वर मका पिकवला. आज मूळ गवताळ रान हजारात जेमतेम एक भाग उरले असेल. मास्तरांनी पहिले काम केले ते पैसे देऊन खोदण्याचे : नळी फोडली, मातीचा लहान बांध घातला, आणि बांधात सिमेंटची एक खिडकी ठेवून तिच्या खाचांत काढ-घाल करता येतील अशा फळ्या बसवल्या. त्या पाहताच मी म्हणालो, हे तर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे! काम तेच, आणि घालण्याचा महिनाही जवळजवळ तोच, ऑक्टोबरच्या आसपासचा. फक्त पाणी अडवायचे ते उसासाठी नव्हे.

वसंताच्या अखेरीस एकेक फळी काढून पाणी हळूहळू उतरवायचे. उघड्या पडलेल्या चिखलात वर्षानुवर्षे झोपलेले बी जागे होते. रानटी सावा, गुलाबी तुऱ्यांची पाणवेल, लव्हाळे. पेरणी नाही, खत नाही. पाणी एकदम काढले तर चिखल तडकून भलते तण माजते, म्हणून आठवड्याला एखादी फळी, असा हिशेब. शरदात बी पिकले की फळ्या परत घालून वीतभर, फार तर दीड वीत पाणी चढवायचे. डोके पाण्यात बुडवून शेपटी आभाळाकडे करणाऱ्या बदकांची मान तेवढीच पोहोचते. इथे कायदा मोठा नाजूक आहे. नैसर्गिक पाणगवत पाण्याखाली घातले तर चालते. मक्याचे उभे, न कापलेले पीक पाण्याखाली गेले तरीही चालते. मात्र तेच कणीस मोडून दाणे विखुरले तर ते आमिष ठरते, आणि शेवटचा दाणा उचलल्यानंतरही दहा दिवस तिथे शिकार करता येत नाही. आपल्याकडचा महसुली कायदा ज्याने अनुभवला आहे त्याला ही बारकाई परकी वाटणार नाही.

गवताला आग लावण्याच्या दिवशी मी हजर होतो. वणवा हा आपला वैरी. तरी कोकणात राब भाजतात, त्या अर्थाने आगीचा हा उपयोग आपल्याला अगदीच अनोळखी नाही. एप्रिलची सकाळ, वारा मंद, अग्निशामक दलाला वर्दी दिलेली, भोवती गवत कापून मोकळी केलेली जाळरेषा. तेल ठिबकवणाऱ्या मशालीने आधी वारा ज्या कडेकडे वाहतो तिथे ज्वाळा लावायच्या, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध रांगत मागे येते आणि काळी पट्टी तयार होते. मग उरलेले पेटवायचे, ते त्या पट्टीपाशी येऊन आपोआप मरते. गवताच्या तीन तुकड्यांपैकी एकच जाळायचा, कारण पक्ष्यांना उरलेल्या दोहोंत आसरा हवा. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा त्या काळ्या राखेतून हिरवे कोंब वर आले होते; ब्लूस्टेम गवताची मुळे पुरुषभर खोल जातात, त्यांना वरची आग ठाऊकही नसते. परदेशी गवते आणि झुडपे मात्र भाजून निघतात. शेजारच्या विस्कॉन्सिनात १९३५ साली अशीच एक ओसाड, वाळूची जमीन घेऊन तिथे झाडे लावणारे आल्डो लिओपोल्ड हे याच आयोवात, बर्लिंग्टन गावी, जन्मलेले. कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक या ज्या साधनांनी सावजाचा नाश झाला त्यांनीच ते परत आणता येईल, असे त्यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. आणि १९४८ साली शेजाऱ्याच्या रानात लागलेली आग विझवताना त्यांचा अंत झाला. मशाल हातात घेण्यापूर्वी मास्तरांनी मला हे सांगितले. मी पाण्याचा पंप अधिक घट्ट धरला.

उन्हाळ्यात मुख्य काम काही न करण्याचे. १५ मे ते १ ऑगस्ट हा पक्ष्यांचा घरटी करण्याचा काळ. तेव्हा गवताला यंत्र लावायचे नाही. जमिनीचा काही भाग मास्तरांनी केंद्र सरकारच्या योजनेत दहा वर्षांच्या कराराने दिला आहे. तिथे पीक घ्यायचे नाही, गवत राखायचे, आणि त्याचा वार्षिक मोबदला सरकारकडून मिळतो. नांगर न चालवण्याचा इजारा, असे मी त्याचे नाव ठेवले आहे. त्या गवतात फेझंट राहतात. मूळचा आशियातील हा पक्षी आयोवात रुजला तो १९०० च्या सुमारास सीडर फॉल्सजवळ वादळाने एका पक्षिपालनाची कुंपणे पाडली आणि सुमारे दोन हजार पक्षी मोकळे झाले तेव्हापासून, असे सांगतात. त्याच्या शिकारीत दिवसाला तीन नर, मादी एकही नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कमी झाल्याने पुढच्या वर्षीची वीण घटत नाही. बदकांना मिसिसिपी खोऱ्याच्या उड्डाणमार्गावर दिवसाला सहाची मर्यादा आहे, आणि १९९१ पासून त्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत, कारण बदके ते चिखलातून खड्यांबरोबर गिळून विषबाधेने मरत.

मारण्याची हौस आणि राखण्याची तजवीज यांचा हा संसार मला अद्याप पुरता पटलेला नाही. पण पैशाचा हिशेब नाकारता येत नाही. बदकांच्या शिकारीचे तिकीट १९३४ साली निघाले. पहिल्या तिकिटाचे चित्र काढणारे जे 'डिंग' डार्लिंग हे डी मॉइनचे व्यंगचित्रकार, म्हणजे तेही आयोवाचेच. तेव्हा त्याची किंमत एक डॉलर होती, आज पंचवीस आहे, आणि त्या प्रत्येक डॉलरातले ९८ सेंट पाणथळी विकत घेण्याकडे व राखण्याकडे जातात. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारबंदीचा वेगळा मार्ग धरला, आणि तो आपल्या गर्दीच्या मुलखात योग्यच होता असे मी मानतो. तरी दाजीपूरचे अभयारण्य कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान होते, आणि १९३८ साली एका दिवसात चार हजारांवर पक्षी जिथे मारले गेले ते भरतपूर आज पक्ष्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे, हे विसरून चालत नाही. रमणे राखले गेले म्हणून पुढे अभयारण्ये करायला काही उरले.

ऑक्टोबरच्या एका पहाटे मास्तरांनी मला सोबत नेले. सूर्योदयाच्या अर्ध्या तासापूर्वी बार काढण्याची मुभा सुरू होते. आम्ही त्याच्याही आधी लव्हाळ्यात बसलो होतो. जूनच्या अंगात थंडीसाठी रबरी जाकीट. तोंडातून वाफ. तीन मॅलार्ड पंख ताणून खाली आले, मास्तरांनी दोन बार काढले. एक बदक समोर मोकळ्या पाण्यात पडले. दुसरे लटपटत, उंची सोडत, मागच्या पाणकणसाच्या राईत नाहीसे झाले, आणि जूनची नजर पहिल्यावर खिळलेली असल्याने ते तिने पाहिले नाही. पहिले तिने नाव घेताच आणले. मग मास्तरांनी तिला राईकडे तोंड करून बसवले, हात तिच्या डोक्याशेजारी धरला, आणि म्हणाले, "बॅक."

ती पोहत निघाली. वाऱ्याने डावीकडे वाहवत गेली, शिट्टी, पाण्यातच वळून तिने मागे पाहिले, मास्तरांचा हात उजवीकडे पसरला. क्षणभर मला जुलैची दुपार आठवली. मग ती उजवीकडे वळली, आणि कणसांत शिरली. बराच वेळ फक्त देठ हलताना दिसत होते. ती बाहेर आली तेव्हा तोंडात काहीतरी नारिंगी होते, चिखलाने माखलेले, एका टोकाला फुगलेले. किनाऱ्यावर येऊन, अंग न झटकता, ती मास्तरांच्या डाव्या पायाशी बसली, आणि ती वस्तू हातात घेतली जाईपर्यंत अलगद धरून राहिली.

मास्तरांनी डमी खिशात घातली. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुन्हा हात धरला, पुन्हा "बॅक" म्हणाले. दुसऱ्या खेपेला ती बदक घेऊन आली, जिवंत, एक पंख मोडलेला. मास्तरांनी ते पाठमोरे होऊन झटपट सोडवले. मग वही काढून, बोटे गारठलेली असताना, लिहिले : "मॅलार्ड नर २. डमी १, जमा."